मेमरी कोणाची, हे सीच्या प्रॅक्टिकलला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकवावी की थेट पायथन या नव्या, सोप्या भाषेपासून सुरुवात करावी, यावर आपल्या शिक्षणाच्या पानावर पत्रं येत आहेत. सी काढून टाका म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की भाषा जुनी झाली, मुलं पॉइंटरला (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला) घाबरतात आणि नोकरीत तिचा उपयोग नाही. सी ठेवा म्हणणाऱ्यांचं उत्तर एकच: पाया पक्का होतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण आपल्याकडे सी ज्या तऱ्हेने शिकवली जाते, त्यात पाया म्हणावं असं फार थोडं उरलं आहे. जे हमखास असायला हवं होतं, ते प्रॅक्टिकलच्या फाईलमध्ये शोधूनही सापडत नाही. त्याबद्दल हे पत्र.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी एम्बेडेड सॉफ्टवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारे प्रोग्राम, लिहीत असे. निवृत्तीनंतर कर्वेनगरला घराजवळच्या अभ्यासिकेत संध्याकाळी डिप्लोमाच्या आणि डिग्रीच्या मुलामुलींना सी शिकवते. कोणी वारज्याहून येतं, कोणी धायरीहून, कोणी वडगावहून. कॉलेजं निरनिराळी, पण फाईल सगळ्यांची जवळपास एकच. पॅलिंड्रोम, फिबोनाची, मॅट्रिक्सचा गुणाकार, बबल सॉर्ट आणि शेवटी लिंक्ड लिस्ट. लिंक्ड लिस्टमध्ये मॅलॉक, म्हणजे मेमरी मागून घेण्याचं फंक्शन, असतं. ती परत करण्याचं फ्री बहुतेक फायलींत नसतंच, आणि असलं तर डिलीटच्या फंक्शनमध्ये एकदा, मागच्या वर्षीच्या फाईलवरून उतरवलेलं. प्रोग्राम चालतो, आउटपुट येतं, सरांची सही होते. प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सगळी मेमरी परत घेते, त्यामुळे कोणाचंच काही अडत नाही.

मी या मुलांना विचारते: एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, तू मॅलॉक करून घेतलीस. तिचा पत्ता लिस्टच्या नोडमध्ये ठेवलास, दुसऱ्या एका स्ट्रक्चरमध्येही (माहितीचे निरनिराळे तुकडे एकत्र ठेवणाऱ्या साच्यात) ठेवलास, शिवाय एका फंक्शनला पाठवलास. आता ती फ्री कोणी करायची? ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, मेनच्या शेवटी," म्हणजे मुख्य फंक्शन संपताना. शंभर ओळींच्या प्रोग्रामला हे उत्तर चालून जातं. पण वीज मीटर, सर्व्हर, टोलनाक्यावरचं यंत्र, हातातला फोन यांच्यातल्या प्रोग्रामना शेवटच नसतो. ते सुरू होतात आणि महिनोन्‌महिने चालत राहतात. तिथे हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही.

सीमध्ये लिहिलेल्या मोठमोठ्या प्रोग्रामनी या प्रश्नाचं जे उत्तर वारंवार निवडलं, ते म्हणजे रेफरन्स काउंट. वस्तूच्या आतच एक आकडा ठेवायचा: आत्ता हिला किती जणांनी धरून ठेवलं आहे. नवीन कोणी धरलं की आकडा एकाने वाढवायचा, सोडलं की एकाने कमी करायचा आणि शून्यावर आला की ज्याने शेवटी सोडलं त्यानेच ती मेमरी मोकळी करायची. मुलांना मी अभ्यासिकेच्या दारातलं रजिस्टर दाखवते. आत येताना सही, जाताना सही, आणि शेवटी जाणाऱ्याने दिवे-पंखे बंद करायचे. जाताना सही करायला कोणी विसरलं तर पंखे रात्रभर फिरत राहतात; हा मेमरी लीक. येतानाच सही केली नाही तर आत कोणी वाचत बसलेलं असताना दिवे जातात; ही मोकळी केलेली मेमरी वापरण्याची चूक, आणि दोन्हींत हीच जास्त घातक. रजिस्टर कायम दाराशी असल्यामुळे हे समजायला कोणालाच वेळ लागत नाही.

कल्पना नवीन नाही. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये याद्यांच्या मेमरीसाठी ती मांडली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेच्या निमित्ताने गार्बेज कलेक्शनची, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप गोळा करण्याची, दुसरी पद्धत त्याच वर्षी मांडली. सी त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी तयार केली. म्हणजे सीपेक्षा हा विचार जुना आहे. ज्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सी वाढली त्या युनिक्सच्या फाईल सिस्टिममध्येही तो बसलेला आहे. तिच्याच वळणाच्या लिनक्सवर एलएस ही कमांड मायनस एल लावून दिली की परवानग्यांच्या शेजारी एक आकडा दिसतो, तो त्या फाईलला किती नावं आहेत त्याचा. एलएन कमांडने दुसरं नाव दिलं की तिथे २ दिसतो, एक नाव काढलं की पुन्हा १. नावं शून्य झाली आणि कोणत्याही प्रोग्रामने ती फाईल उघडून ठेवलेली नसली, की मगच डिस्कवरची जागा मोकळी होते. भलीमोठी लॉग फाईल डिलीट केली तरी डिस्क भरलेलीच का दिसते, या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या नेहमीच्या कोड्याचं उत्तर हेच. प्रोग्रामने ती अजून उघडी ठेवलेली असते. हे दाखवायला पाच मिनिटं लागतात आणि त्यासाठी एक ओळही सी लिहावी लागत नाही.

आता पायथनकडे येते, कारण वाद तिच्यावरून आहे. पायथनचा सगळीकडे वापरला जाणारा इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेला आहे. पायथनमध्ये तुम्ही जे जे निर्माण करता, मग ती लिस्ट असो, स्ट्रिंग असो, फंक्शन असो, ते सीच्या बाजूने पाहिलं तर एक स्ट्रक्चर असतं. त्या स्ट्रक्चरच्या अगदी सुरुवातीला दोन गोष्टी असतात: रेफरन्स काउंट, आणि ही वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे सांगणाऱ्या टाइप ऑब्जेक्टकडे नेणारा पॉइंटर. पुढचा भाग ज्याचा त्याचा वेगळा. सीच्या नियमांनुसार स्ट्रक्चरचा पत्ता आणि त्याच्या पहिल्या सभासदाचा पत्ता एकच असतो. या एका हमीच्या जोरावर, हातात आलेली वस्तू लिस्ट आहे की स्ट्रिंग हे माहीत नसतानाही तिचा काउंट वाढवता येतो, कमी करता येतो आणि तिला तिचा टाइप विचारता येतो. टाइप ऑब्जेक्टमध्ये फंक्शनच्या पॉइंटरांचा तक्ता असतो: ही वस्तू छापायची कशी, हिचा हॅश काढायचा कसा, आणि काउंट शून्य झाल्यावर हिला मोडायचं कसं. लिस्ट मोडताना तिने धरून ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा काउंट एकाने कमी करावा लागतो, स्ट्रिंगला तसं काही करावं लागत नाही. म्हणून मोडण्याचं फंक्शन प्रत्येक टाइपचं वेगळं. आणि टाइप ऑब्जेक्ट हीसुद्धा एक वस्तूच आहे, तिलाही तेच डोकं, तोच काउंट.

हे वाचून संपतं, पण मुलांच्या डोक्यात उतरतं ते हाताने लिहिल्यावर. ज्या सीमध्ये क्लास नाही, ऑब्जेक्ट नाही, त्या सीमध्ये एक स्ट्रक्चर, एक आकडा आणि फंक्शन पॉइंटरांचा छोटा तक्ता एवढ्यावर चालत्या प्रोग्राममध्ये प्रकार ओळखणारी ऑब्जेक्ट तयार होतात. मला ही गोष्ट आजही फार सुंदर वाटते. जी मुलं पॉइंटरला घाबरतात असं म्हणतात, तीच मुलं हे जमलं की रात्री मेसेज करून विचारतात, "मॅडम, यात डिक्शनरीपण करता येईल का?" पॉइंटर कशासाठी असतो हे त्यांना पहिल्यांदा दिसलेलं असतं. दोन आकड्यांची अदलाबदल करून ते दिसत नाही.

यातली खरी शिस्त बारीकसारीक जागी लागते. एक जागा इथे सविस्तर सांगते, कारण काय शिकवायचं हे त्यावरून स्पष्ट होईल. एका मुलीने विद्यार्थी या स्ट्रक्चरमध्ये नाव ठेवलं, नाव म्हणजे तिचीच काउंट असलेली स्ट्रिंग. नाव बदलण्याचं फंक्शन तिने सरळ लिहिलं: आधी जुनं नाव रिलीज करायचं (काउंट एकाने कमी), मग नवं नाव रिटेन करायचं (काउंट एकाने जास्त), मग ते फील्डमध्ये ठेवायचं. वाचायला अगदी बरोबर. सगळ्या चाचण्यांत चाललं. मी तिला एवढंच सांगितलं, की आता त्याच विद्यार्थ्याला त्याचंच नाव पुन्हा दे. जुनी आणि नवी स्ट्रिंग एकच, काउंट १. पहिल्या ओळीने काउंट शून्य झाला आणि स्ट्रिंगची मेमरी मोकळी झाली. दुसऱ्या ओळीने मोकळ्या झालेल्या मेमरीतला आकडा वाढवला. फील्डमध्ये नसलेल्या वस्तूचा पत्ता जाऊन बसला. आणि पडद्यावर? नाव व्यवस्थित छापलं गेलं. मेमरी मोकळी झाली तरी तिथले बाइट लगेच पुसले जातीलच असं नाही.

"मॅडम, आउटपुट तर बरोबर आहे!" असं ती म्हणाली, आणि तिचं काहीच चुकत नव्हतं, कारण आउटपुट बरोबर म्हणजे प्रोग्राम बरोबर हेच तिला आजवर शिकवलं गेलं होतं. मग आम्ही तोच प्रोग्राम जीसीसी या कंपाइलरने, ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरीच्या चुका पकडणारी सोय चालू करून, पुन्हा कंपाइल केला. कंपाइलच्या कमांडमध्ये एका शब्दाची भर, बाकी काही नाही. या वेळी प्रोग्राम त्याच ओळीवर थांबला आणि तीन गोष्टी सांगून गेला: मोकळी मेमरी कोणत्या ओळीने वापरली, ती कोणत्या ओळीने मोकळी झाली होती, आणि मुळात कोणत्या ओळीने घेतली होती. दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. आधी नवं रिटेन, मग जुनं रिलीज. वीस वर्षं सी लिहिणारी माणसंही हा क्रम डोळ्यांत तेल घालून पाळतात. आपल्याकडे तो कोणत्याही प्रॅक्टिकलमध्ये येत नाही.

हे सगळं पुस्तकी आहे, नोकरीत लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी भोसरीतली एक गोष्ट. शीतगृहातलं तापमान नोंदवणारं एक उपकरण आमच्याकडे होतं. तापमानाची प्रत्येक नोंद म्हणजे एक मेसेज ऑब्जेक्ट. तो एकाच वेळी तिघे धरून ठेवत: पडदा, मेमरी कार्ड आणि मोडेम. तिघांनी सोडला की मोकळा. कारखान्यातल्या चाचणीत उपकरण उत्तम चालायचं. ग्राहकाकडे गेलं की काही आठवड्यांनी गप्प पडायचं, बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक. शीतगृहातल्या मालाची तापमानाची नोंद मधेच तुटणं म्हणजे काय, हे माल निर्यात करणाऱ्यांना विचारा.

आम्ही शेवटी काय केलं, तर प्रत्येक प्रकारची किती ऑब्जेक्ट आत्ता जिवंत आहेत, हे दर तासाला लॉगमध्ये छापायला लावलं. प्रत्येक वस्तूवर तिच्या टाइपचा शिक्का असल्यामुळे हे सहज करता आलं. लॉग आला आणि उत्तर समोरच होतं. बाकी सगळ्या प्रकारांचे आकडे खाली-वर होत जागेवर राहत, मेसेजचा आकडा मात्र फक्त चढत होता. मोडेमच्या फंक्शनमध्ये सिग्नल मिळाला नाही तर मधूनच रिटर्न होतं, आणि त्या वाटेवर रिलीज नव्हतं. कारखान्यात सिग्नल कायम भरपूर, त्यामुळे त्या वाटेने प्रोग्राम कधी गेलाच नाही. ग्राहकाकडे जाड भिंतींच्या आत सिग्नल सारखा जायचा, आणि दर वेळी एक मेसेज कायमचा अडकून पडायचा. दुरुस्ती एका ओळीची होती. त्यानंतर आम्ही अशा प्रत्येक फंक्शनला बाहेर पडण्याची एकच जागा ठेवली. काहीही बिनसलं तरी गोटोने, म्हणजे ठरलेल्या ओळीवर थेट उडी मारायच्या आज्ञेने, तिथेच यायचं आणि जे जे धरलं असेल ते सोडून बाहेर पडायचं. गोटो वापरू नका असं सरसकट शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स एकदा उघडून बघावा. तिथे साफसफाईसाठी हीच रीत सर्रास दिसते.

जगातल्या नावाजलेल्या प्रोग्रामरनाही हा हिशेब सोपा जात नाही. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्स कर्नलमधली अशीच एक चूक उघडकीला आली. गुप्त सांकेतिक किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात एका विशिष्ट वाटेवर काउंट कमी करायचं राहून गेलं होतं. काउंट ३२ बिटांचा. तोच व्यवहार कोणी मुद्दाम ४,२९,४९,६७,२९६ वेळा केला की आकडा पूर्ण फेरा घेऊन शून्यावर यायचा, वापरात असलेली वस्तू मोकळी व्हायची आणि साध्या वापरकर्त्याला यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता यायचा. म्हणजे साधा लीक, ज्याला आपण "थोडी मेमरी वाया गेली" म्हणून सोडून देतो, तोच चोरवाट झाला. २०१७ मध्ये कर्नलच्या ४.११ या आवृत्तीत काउंटसाठी वेगळा प्रकार आला. त्यातला आकडा कमाल मर्यादेला पोहोचला की तिथेच अडकून राहतो, फेरा घेत नाही. मेमरी वाया गेली तरी चालेल, पण वापरातली वस्तू मोकळी होता कामा नये, असा तो निर्णय आहे. आणि तो का योग्य आहे हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला सांगता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या पद्धतीच्या मर्यादाही त्याच प्रॅक्टिकलमध्ये दाखवायच्या. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या तर बाहेरच्या सगळ्यांनी सोडूनही दोघींचा काउंट १ राहतो आणि त्या कधीच मोकळ्या होत नाहीत. पायथनला याच कारणासाठी २००० साली २.० या आवृत्तीत अशा वर्तुळांचा शोध घेणारा वेगळा कलेक्टर घालावा लागला. दुसरी मर्यादा थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची. दोन थ्रेडनी एकाच क्षणी काउंट वाढवला तर साध्या प्लस-प्लसमध्ये एक वाढ हरवू शकते. सीमध्ये २०११ च्या प्रमाणापासून यासाठी ॲटॉमिक (ज्यांचा बदल मधेच तुटत नाही असे) प्रकार आहेत, पण ते वापरायचे तर वेगाची किंमत मोजावी लागते. पायथनने इतकी वर्षं एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं एक मोठं कुलूप घालून हा प्रश्न टाळला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये कुलपाशिवाय चालणारी आवृत्ती प्रायोगिक म्हणून मिळू लागली, आणि त्यासाठी काउंट मोजण्याची पद्धतच बदलावी लागली. ज्या भाषेला आपण "सीपासून सुटका" म्हणतो, तिच्या पोटात आज चाललेलं सर्वांत कठीण काम याच आकड्याचं आहे.

पायथनसाठी सीमध्ये मॉड्यूल लिहायला बसलं की हे फार लवकर अंगावर येतं. लिस्टमधला घटक मागण्याचं एक जुनं फंक्शन वस्तू नुसती उसनी देतं, काउंट वाढवत नाही. जवळपास तेच काम करणारं दुसरं फंक्शन काउंट वाढवून देतं. लिस्टमध्ये वस्तू ठेवण्याचं एक फंक्शन तुमचा हक्क स्वतःकडे घेतं, डिक्शनरीत ठेवण्याचं फंक्शन मात्र स्वतःचा वेगळा काउंट वाढवतं आणि तुमचा तुमच्याकडेच ठेवतं. फंक्शनच्या प्रोटोटाइपकडे कितीही बघितलं तरी यातलं काही कळत नाही, दस्तऐवज वाचावे लागतात. मशीन लर्निंगच्या मागे धावणाऱ्या आपल्या मुलांना त्यांची आवडती लायब्ररी आतून दुरुस्त करायची वेळ आली, तर त्यांना भेटणार आहे ते हेच.

एक आक्षेप मला मान्य आहे. चाकणला गाड्यांच्या कंट्रोल युनिटवर काम करणारे इंजिनिअर म्हणतील, आमच्याकडे मॅलॉकच चालत नाही. बरोबर आहे. मिस्राचे, म्हणजे गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी केलेले सी लिहिण्याचे, नियम पाळणाऱ्या कोडमध्ये डायनॅमिक (प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेली) मेमरी वापरायची नाही असंच सांगितलेलं आहे, आणि ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तसंच असावं. पण त्याच गाडीच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यामागे अनेकदा लिनक्स असतं, आणि तिथे हा सगळा हिशेब पुन्हा येतो. मॅलॉक का नको हेही त्यालाच नीट कळतं, ज्याने एकदा तरी त्याचा हिशेब ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप असा, की अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांकडे वळण्याची शिफारस केली, मग सीवर वेळ कशाला घालवायचा? नवीन प्रकल्पासाठी ती शिफारस मला पटते. पण ज्या रस्ट भाषेचं नाव यात सर्वांत पुढे असतं, तिच्यातही एक वस्तू अनेकांनी धरायची झाली तर रेफरन्स काउंटच असतो. एका थ्रेडसाठी साधा, अनेक थ्रेडसाठी ॲटॉमिक. सी प्लस प्लसच्या शेअर्ड पॉइंटरमध्ये तोच, स्विफ्टमध्ये तोच. ॲपलने २०११ मध्ये ऑब्जेक्टिव्ह-सीमधले रिटेन आणि रिलीज कंपाइलरकडून आपोआप घालून घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही आतली मोजणी तीच राहिली. ज्याने ही मोजणी सीमध्ये एकदा हाताने केली, तो या सगळ्या भाषांत गेल्यावर कंपाइलर आपल्यासाठी काय करतो आहे ते ओळखतो.

आता अभ्यास मंडळांवर असलेल्या प्राध्यापकांना विनंती. नवा विषय नको, नवं पुस्तकही नको. सीच्या प्रॅक्टिकलमधला मॅट्रिक्सचा एक प्रोग्राम कमी करा आणि त्या जागी एक काम द्या: काउंट आणि टाइप यांचं समान डोकं असलेली दोन प्रकारची ऑब्जेक्ट, एक स्ट्रिंग आणि एक लिस्ट, रिटेन आणि रिलीजसकट लिहा. लिस्टमध्ये स्ट्रिंग ठेवा, एकच स्ट्रिंग दोन लिस्टमध्ये ठेवा, एक लिस्ट मोडा आणि दुसरीतली स्ट्रिंग शाबूत असल्याचं दाखवा. दोन लॅबच्या तासांत होतं, मी करून घेते. मुलांच्या पहिल्या प्रयत्नात काउंट हमखास चुकतो, आणि त्या चुकीसाठी मार्क कापू नयेत. ती चूक शोधली कशी, हे फाईलमध्ये लिहायला सांगावं.

मात्र यासाठी लॅबमधून टर्बो सी हा डॉसच्या काळातला जुना कंपाइलर जायला हवा. आजही काही कॉलेजांत डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये टर्बो सी चालवून प्रॅक्टिकल होतात, आणि मुलांना व्हॉइड मेन आणि क्लियर स्क्रीन यांच्यापलीकडे काही दिसत नाही. डॉसच्या त्या जगात एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत लिहिण्यापासून रोखणारं काही नव्हतं, त्यामुळे चुकीचा पॉइंटर तिथे बिनबोभाट खपून जातो. जीसीसी फुकट आहे, ॲड्रेस सॅनिटायझर त्यात २०१३ मधल्या ४.८ या आवृत्तीपासून आहे, लीक शोधणारं व्हॅलग्रिंडही फुकट आहे. लॅबमधल्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकलं की एवढ्या कामाला ते पुरतात. आमच्या अभ्यासिकेतली यंत्रं कोणीतरी टाकून दिलेलीच आहेत.

आणि ओरलला येणाऱ्या एक्स्टर्नल परीक्षकांना एक सांगणं. मॅलॉक आणि कॅलॉकमधला फरक विचारू नका, तो सगळ्यांचा पाठ असतो. मुलाच्या स्वतःच्या प्रोग्राममधल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही ओळ झाल्यावर या स्ट्रिंगचा काउंट किती, आणि तिला कोणी कोणी धरलं आहे. त्याला विचार करायला वेळ द्या. कागदावर बाण काढायचे असतील तर काढू द्या.

या प्रॅक्टिकलची मराठीतली टिपणं, चाचण्यांचे प्रोग्राम आणि मुद्दाम चुका ठेवलेला एक कोड माझ्याकडे तयार आहे. कोणत्याही कॉलेजच्या शिक्षकांना हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी पाठवीन. पहिल्या वेळी लॅबमध्ये येऊन सोबत बसायलाही माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त एम्बेडेड अभियंता,
कर्वेनगर, पुणे